वामन मास्तरांचा चौथा रकाना

"काल किती वाजता लागली?" वामन मास्तर शाळेत भेटेल त्याला हे विचारत. नमस्कार नाही, हालहवाल नाही, थेट झोपेवर. शिपायाला विचारत, उर्दूच्या मौलवीसाहेबांना विचारत, एकदा तर तपासणीला आलेल्या साहेबांनाही विचारून बसले. मी रोज एकच उत्तर देई, "मास्तर, पाठ टेकली एवढं आठवतं." मग ते माझ्याकडे अशा नजरेनं बघत की भुकेल्यासमोर भरल्या ताटावर बसल्यागत मला लाज वाटे.

परभणीच्या सरकारी शाळेत आम्ही एकत्र होतो. निजामाच्या राज्याची ती अखेरची वर्षं. शिकवणं सगळं उर्दूतून. मास्तर गणित शिकवत आणि त्रिकोणाला मुसल्लस म्हणत. मी चित्रकला शिकवी, आणि माझं उर्दू अक्षर चांगलं म्हणून कचेरीचे कागद पक्के करून लिहायचं कामही माझ्याच गळ्यात होतं. आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्याकडे फोडणी पडली की इकडे मला ठसका लागायचा. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात ते, वहिनी आणि एक भिंतीवरचं घड्याळ.

उंच, किंचित वाकलेला माणूस. शेरवानीची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली, उन्हाळ्यातसुद्धा. काखेत हाजरीचं रजिस्टर. ते रजिस्टर त्यांनी कधी शिपायाच्या हातीही दिलं नाही. हाजरीच्या बाबतीत मास्तरांचा कायदा साधा होता, वर्गात नाही तो गैरहाजर. एकदा सदर मुदर्रिसांचा, म्हणजे आमच्या हेडमास्तरांचाच भाचा घंटा झाली तेव्हा उंबऱ्यावर एक पाय आत आणि एक पाय बाहेर टाकून उभा होता. मास्तरांनी त्याला गैरहाजर मांडलं. पोरगा म्हणाला, "सर, एक पाय तर आतच होता." मास्तर म्हणाले, "मग पायाची हाजरी लावतो, तुझी नाही." वर्ग हसला, पण खूण बदलली नाही.

त्यांचं दुसरं वचन होतं, "कारणाशिवाय कार्य नाही. शोधा." गणित चुकलं, घड्याळ मागे पडलं, दूध नासलं, सगळ्याला तेच औषध. याच वचनानं पुढे त्यांचे हाल केले.

सत्तेचाळीसच्या पावसाळ्यात एका गुरुवारी वरच्या वर्गातली बरीच मुलं शाळेत आलीच नाहीत. गावात मिरवणूक निघाली, घोषणा झाल्या, पोलीस धावले. चार दिवसांनी वरून हुकूम आला की त्या दिवशी गैरहाजर असलेल्यांची यादी पाठवा. मास्तर रजिस्टर घेऊन संध्याकाळी माझ्याकडे आले. त्या पंधरवड्यात वहिनी तापानं अंथरुणाला खिळलेल्या होत्या, मास्तरांचा चेहराही ओढलेला होता. त्यांनी अकरा नावं वाचली, मी लिहिली. एका नावाशी ते जरा थांबले. मला वाटलं, दिव्याचा उजेड कमी पडला. मी वात वर केली. मग ते म्हणाले, "सखाराम म्हाळू, पोखर्णी." त्या नावाचं पहिलं अक्षर मी चांगलं झोकात काढलं, हे मला अजून आठवतं.

अकराही मुलांची नावं काटली गेली. संस्थानातल्या कुठल्याच सरकारी शाळेत त्यांना घ्यायचं नाही, असं ठरलं. दहा जणांचे मामा-काका अकोल्याला नाहीतर सोलापूरला होते, ती पोरं सरहद्द ओलांडून तिकडच्या शाळांत गेली. सखारामचं घर मेंढरं राखणारं. गणितात पहिला येणारा तो पोरगा मॅट्रिकच्या तोंडावर काठी घेऊन परत मेंढरांमागे गेला. मी हळहळलो, जेवलो आणि झोपलो.

मास्तरांची झोप गेली ती तेव्हापासून. पण तेव्हा हे कुणाच्या ध्यानात आलं नाही, कारण त्या दिवसांत झोप न लागणं हा आजार मानला जात नव्हता. रोज नवी अफवा. अमक्या गावात बंदुकवाले आले, तमक्या गावची माणसं वऱ्हाडात पळाली. अर्ध्या गल्लीनं ट्रंका भरून ठेवलेल्या. लोक म्हणत, "मास्तर, आजकाल झोपतंय कोण?" मास्तर मान हलवत. "सगळ्यांचं कारण ते माझं कारण नव्हे. माझं वेगळं काढलं पाहिजे."

आणि त्यांनी ते काढायला घेतलं, गणित सोडवतात तसं. एक वही केली. पानावर चार रकाने आखले: जेवण, चहा, चालणं, विचार. रोज मधल्या सुट्टीत ते वडाखाली बसून वही भरत. नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं, म्हणजे दोषी कोण ते सापडतं. रात्रीची भाकरी सोडून पेज घेतली. आठ दिवस लिहिलं, फरक नाही. मग चहा सोडला. आमच्याकडे चहा तसा नवाच आलेला, आणि मास्तरांना त्याची चांगलीच चटक. पहिले तीन दिवस त्यांचं डोकं असं दुखलं की वर्गात कुणी पाटी आपटली तरी ते डोळे मिटून घेत. मग वहीत लिहिलं, "दुपारनंतरचा चहा सोडल्याने अर्धा तास लाभ." अर्धा तास. एवढ्या हालांना अर्धा तास मिळाला म्हणून तो माणूस मला आनंदानं सांगत होता, आणि त्यांच्या डोळ्यांखाली काळं पडलेलं होतं.

वहिनी तोवर बऱ्या झाल्या होत्या. त्यांनी काशाची वाटी काढली. एरंडेल लावून मास्तरांचे तळपाय त्या वाटीनं घासत बसायच्या. तळवे काळेकुट्ट होत. "बघा भावजी, किती उष्णता निघायलीय," त्या मला कौतुकानं दाखवत. "गंगाखेडच्या वैद्यांच्या काढ्यानं मी उठले, ह्यांचंही अंगावरचं निघून जाईल." तळवे काळे झाले, डोळे काही मिटेनात. मग एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या सुट्टीच्या दिवशी, मास्तर ती वाटी घेऊन माझ्याकडे आले. "पाय पुढे करा, रंगनाथराव." मी म्हणालो, "मास्तर, मला झोपेचा त्रास नाही." "म्हणूनच," ते म्हणाले. वयानं वडील माणूस माझे तळवे घासतोय म्हणून मी अवघडून गेलो, पण त्यांनी सोडलं नाही. माझेही तळवे तितकेच काळे झाले. मास्तर उठले, वाटी पुसली. "तुम्ही घोरता, तुमचा आवाज भिंतीतून येतो. तरी तुमची उष्णता निघालीच. म्हणजे हे काशाचं काळं आहे, माझं नव्हे." वहिनींना हे सांगू नका म्हणाले. त्या रोज घासत राहिल्या, आणि ते रोज पाय पुढे करत राहिले.

मी हसत होतो, पण हसण्याचे दिवस संपत आले होते. एका सकाळी मी शेजारच्या वर्गात होतो. मधल्या भिंतीला दारच नव्हतं, नुसती चौकट, त्यामुळे सगळं ऐकू येई. मास्तर हाजरी घेत होते. नाव, हाजिर, नाव, हाजिर. मग म्हणाले, "सखाराम म्हाळू." मुलं एकमेकांकडे बघू लागली. ते नाव काटून पाच महिने झाले होते. मास्तरांनी वर बघितलं नाही. टाक दौतीत बुडवून थांबले. पुन्हा म्हणाले, "सखाराम म्हाळू." मी चौकटीत जाऊन उभा राहिलो तेव्हा टाकाची शाई रजिस्टरवर ठिबकत होती. ज्या रजिस्टरवर दहा वर्षांत एक डाग पडला नव्हता, त्यावर.

ही गोष्ट हेडमास्तरांपर्यंत गेली. त्यांनी बोलावून सांगितलं, "मास्तरसाब, तबियत दुरुस्त करा. नाहीतर मला वर लिहावं लागेल." नोकरीवर आलं. वहिनी माझ्याकडे येऊन रडल्या. "भावजी, ह्यांचं डोकं तर फिरणार न्हाई ना? रात्रभर घड्याळाकडं बघत बसतेत." मला पहिल्यांदा भीती वाटली. मी माणूस तसा आळशी, दुसऱ्याच्या भानगडीत न पडणारा. पण त्याच शुक्रवारी मी मास्तरांना दंडाला धरून बाजारातल्या हकीमसाहेबांकडे नेलं.

हकीमसाहेब म्हातारे, अंगानं नुसते काडीसारखे. दवाखान्यात अर्काच्या बाटल्या आणि एक मांजर. मास्तरांनी वही पुढे केली. हकीमसाहेबांनी ती सावकाश वाचली, पानं उलटली. "बहोत मेहनत करे आप," ते म्हणाले. "रात को लेटके क्या करते?"

"झोपेची वाट बघतो."

"वोच तो गलती है." त्यांनी मांजराकडे बोट दाखवलं. "इसको पकडने जाओ, भाग जाती. अपने काम में रहो, आपीच आके गोद में बैठती. नींद नहीं आरी तो बिस्तर से उठ जाना. बैठना, कुछ हलका पढना. घडी को कपडा ढाँक दो. सुबह रोज एकीच वख्त उठना, रात कैसी भी गई हो. और दोपहर में झपकी बिलकुल नहीं."

मास्तर म्हणाले, "आणि गोळी?"

"अफीम देऊँ तो अभी सो जाते. मगर वो नींद नहीं, बेहोशी है. उठे तो जो था, वोच सामने." मग त्यांनी नाडी धरली आणि खूप वेळ सोडली नाही. "आँख बंद करे तो सबसे पहले कौन आता?"

"कुणी नाही," मास्तर म्हणाले.

हकीमसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग पुन्हा त्यांच्याकडे. "नींद को तीन चीजें खातीं, मास्तरसाब. पेट, बदन, और दिल. पेट का हिसाब आप लिखे, बदन का लिखे. ये चौथा खाना पूरा खाली है. छे महिने में आपको एक भी खयाल नहीं आया?"

तेव्हा मी पहिल्यांदा नीट बघितलं. विचार या रकान्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एक-एक आडवी रेघ होती. पट्टीनं मारलेली.

"जो रात को सताता, उसको दिन में लिखो," हकीमसाहेब म्हणाले. "दिन में लिखे तो रात में वो कम आता." पैसे घेतले नाहीत. औषधच दिलं नाही तर पैसे कसले, म्हणाले.

घड्याळावर वहिनींनी जुनं लुगडं टाकलं. मास्तर दुपारी झोप आली की शाळेच्या आवाराला फेऱ्या मारत. पहाटे पाचला उठत, म्हणजे उठतच. पंधरा दिवसांत दोन-अडीच तासांची झोप लागू लागली. चेहऱ्यावर थोडं रक्त दिसलं. मला वाटलं, सुटलो. पण एके दिवशी मधल्या सुट्टीत त्यांनी मला वडाखाली बोलावलं आणि वही हातात दिली. "वाचा. मला तोंडानं सांगता येत नाही."

चौथ्या रकान्यात त्यांचं बारीक अक्षर मावत नव्हतं म्हणून शेजारच्या रकान्यांत शिरलं होतं. त्या गुरुवारी सकाळी सखाराम वर्गात येण्याआधी मास्तरांनीच त्याला बोलावलं होतं. वहिनींचा ताप उतरत नव्हता. मास्तरांनी त्याला गाडीभाडं दिलं आणि गंगाखेडच्या वैद्यांकडून काढ्याची पुडी आणायला पाठवलं. पोरगा संध्याकाळच्या गाडीनं परतला आणि पुडी देऊन गेला. मिरवणूक त्यानं डोळ्यांनी पाहिलीसुद्धा नव्हती. मास्तरांनी सकाळी नेमाप्रमाणे त्याला गैरहाजर मांडलं. वर्गात नाही तो गैरहाजर. रजिस्टरमध्ये कारणाला रकाना नसतो. आणि यादी मागितली गेली तेव्हा खाजगी कामाला विद्यार्थी पाठवला हे कबूल करायचं म्हणजे नोकरी, आणि त्या दिवसांत यादीतल्या पोराची बाजू घ्यायची म्हणजे नोकरीपेक्षाही जास्त काही. ते गप्प बसले.

मी वही मिटली. ती परत देत म्हणालो, "ते नाव मीच लिहिलं, मास्तर."

"तुम्हाला माहीत नव्हतं," ते म्हणाले. "तुमची झोप तुमच्या हक्काची आहे." त्यांच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी हेडमास्तरांच्या हातात अर्ज दिला. सखाराम माझ्या कामावर होता, दोष माझा, त्याला परत घ्यावं. हेडमास्तर वाईट माणूस नव्हते. वाचलं, दार लोटून घेतलं आणि म्हणाले, "हा कागद मी पाहिला नाही. घरी न्या आणि चुलीत घाला." मास्तर म्हणाले, "साहेब, आवक रजिस्टरला नोंदवूनच आत आलोय." तो माणूस शेवटपर्यंत रजिस्टरवालाच राहिला.

अर्जाचं उत्तर आलं नाही. आली ती मास्तरांची बदली, पालमच्या पलीकडच्या एका खेड्यात, पोरांना मुळाक्षरं शिकवायला. गल्लीत लोक कुजबुजत; मास्तरांकडे येणं-जाणं बंद झालं. वहिनी माहेरी गेल्या. एका शुक्रवारी सकाळी मास्तर एक ट्रंक आणि एक वळकटी घेऊन बैलगाडीत बसले. "वाटेत पोखर्णीला उतरायचंय," म्हणाले. मी न विचारता शेजारी चढलो. अर्ध्या वाटेवर म्हणाले, "म्हाळूनं काठी उगारली तर तुम्ही मध्ये पडू नका."

म्हाळूचं घर गावाच्या कडेला. कुडाच्या भिंती, पुढे मेंढरांचा वाडा, तो रिकामा. म्हाळू लिंबाखाली दोर वळत बसला होता. आडव्या हाडाचा, पिकल्या मिशांचा. शेरवानी बघून तो गडबडून उठला, मुंडासं सारखं केलं. "या मास्तर, या. गरिबाच्या दारात कसं काय?"

मास्तर बसले नाहीत. उभ्यानं सगळं सांगितलं. वर्गात सिद्धता सांगावी तसं, एक पायरी न गाळता. ताप, काढा, गंगाखेड, रजिस्टर, यादी. शेवटी म्हणाले, "तुमच्या मुलाचा काही दोष नव्हता. मला ठाऊक होतं आणि मी बोललो नाही. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा."

म्हाळूच्या हातातला दोर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "म्हंजी पोरगं खरं बोललं व्हतं."

मास्तरांनी मान वर केली.

"मला म्हनलं व्हतं त्ये. बाबा, मला मास्तरांनी गंगाखेडला धाडलं व्हतं. मी म्हनलं, मास्तराचं नाव घिऊन खोटं बोलायलास व्हय रं? सरकारी कागदात गैरहाजर लिव्हलंय, कागद खोटा कसा असंल? वाहानंनं मारलं मी त्याला, मास्तर. ह्या हितं." त्यानं लिंबाकडे हात केला. "तवापसून बोलंना झालाय माझ्यासंगं. सकाळी मेंढरं घिऊन जातोय, सांजला येतोय. भाकर खातोय अन् तिकडं तोंड करून निजतोय."

मास्तरांनी लिंबाकडे बघितलं. मी खाली बघत राहिलो. मला वाटलं आता काठी उठणार. उठली असती तर बरं वाटलं असतं.

म्हाळू घरात गेला. येताना तांब्याभर पाणी आणि घोंगडी घेऊन आला. घोंगडी लिंबाखाली अंथरली. "तुमच्यावर रागवावं का माझ्यावर, मला कळंना झालंय," तो म्हणाला. "बसा. पोरगं सांजला यील. त्याच्या म्होरं सांगा हे सगळं, जसंच्या तसं. मी बी ऐकतो."

"सांगतो," मास्तर म्हणाले. पाणी प्यायले. घोंगडीवर बसले, बुंध्याला पाठ टेकली. गळ्याचं वरचं बटण त्यांनी काढलं. तसं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

मी गाडीतून त्यांची ट्रंक आणि वळकटी उतरवून परत आलो तेवढ्यात मास्तर झोपले होते. मान एका बाजूला कलंडलेली, तोंड किंचित उघडं, टोपी मांडीवर पडलेली. भर दुपार. हकीमसाहेबांनी मना केलेली नेमकी तीच वेळ. माझं घोरणं जो माणूस भिंतीपलीकडून मोजत होता, तो चक्क घोरत होता.

मला दुसऱ्या दिवशी शाळा होती, गाडीवान परभणीला परतायची घाई करत होता. निरोप घ्यावा म्हणून मी मास्तरांच्या खांद्याला हात लावायला वाकलो, तर म्हाळूनं माझं मनगट धरलं. "नगा उठवू. लय दिसाचे जागे दिसायलेत." मग धरलेला हात सोडत म्हणाला, "निजू द्या त्यास्नी. आता जागायची पाळी माझी हाय."

पुढे सरकार बदललं, मी दुसऱ्या गावी गेलो, मास्तरांची माझी भेट झाली नाही. संध्याकाळी सखाराम आल्यावर तिथं काय झालं, ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी गाडी हलल्यावर मी वळून पाहिलं तेव्हा मास्तर त्या घोंगडीवर आडवे झाले होते, पाय पोटाशी घेऊन. म्हाळू त्यांच्याकडे पाठ करून, माळाकडे तोंड करून उकिडवा बसला होता, जिकडून मेंढरं परत यायची होती तिकडे.

गाडीत बसलं की मला डुलकी लागते, अशी माझी ख्याती. पण परभणी येईपर्यंत मी बैलांच्या दोन शेपट्यांकडे बघत बसलो होतो.